भोयरभाऊंचा बुधवारचा तास

भोयरभाऊंनी सोडवलेलं गणित चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. एवढं एक वाक्य मी योग्य वेळी, योग्य माणसांसमोर बोललो असतो, तर आज म्हातारपणी हे लिहायला बसलो नसतो. बोलायला मला तोंड होतं. नोकरी मात्र पक्की नव्हती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली हे चांदा जिल्ह्यातलंच एक तहसिलीचं गाव होतं. चांद्यातल्या आमच्या कॉलेजात इंटर सायन्सपर्यंतच वर्ग होते. मी नाशिककडचा, नुकताच नागपूरला एम.एस्सी. होऊन रसायनशास्त्राचा लेक्चरर म्हणून तिथे लागलो. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत शिरलो तेव्हा पस्तिशीचा एक काळासावळा, किडकिडीत माणूस खाली वाकून फ्लास्क धूत होता. मी त्याला शिपाई समजलो आणि पाणी मागितलं. त्याने हात पुसले, माठातलं पाणी आणून दिलं, मी पिऊन होईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "मी भोयर, सर. डेमॉन्स्ट्रेटर. दुपारची बॅच माझ्याकडे हाये."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. ते मात्र पुन्हा फ्लास्ककडे वळले होते. "शिपाई धुते तं दोन फुटतात," ते म्हणाले, "अन् नागपूरवरून सामान याले दोन महिने लागते. म्हून मीच धुवून टाकतो."

वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या जवळ त्यांचं गाव. घर ढिवरांचं, नदीत आणि तलावात जाळं टाकून जगणारं. त्या घरातून हा एकटा माणूस बी.एस्सी.पर्यंत कसा पोचला हे मी त्यांना दोन-तीनदा विचारलं. दर वेळी त्यांनी "पोचलो बावा" एवढंच उत्तर दिलं. एम.एस्सी. झालं नव्हतं, म्हणून लेक्चरर होता येत नव्हतं. शनिवारी ते मूल गावापर्यंत मोटारीने, पुढे मिळेल त्या गाडीने आणि शेवटी डोंग्याने नदी ओलांडून घरी जात आणि सोमवारी सकाळच्या बॅचला हजर असत. येताना कधी वाळवलेले मासे आणत. मी ते खायला लागलो हे माझ्या आईला मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांनी काचेची एक बंद नळी टांगून ठेवली होती. लेड नायट्रेट तापवून निघालेला तपकिरी वायू त्यांनी स्वतः तिच्यात भरला होता आणि ज्योतीवर काच वितळवून तोंड बंद केलं होतं. ते करताना आठवडाभर खोकत होते म्हणे. चांद्याचं ऊन मार्चमध्येच माणसाचं डोकं फिरवतं, तेव्हा त्या नळीतला वायू गडद तपकिरी दिसे. डिसेंबरच्या सकाळी तोच फिकट पिवळट. मुलं विचारत, "भाऊ, रंग कुठी गेला?"

"कुठी नाई गेला. वायूचे कन दोन दोन जोडीनं बसले, थंडी हाये ना. ऊन पडलं का सुटे होतात अन् रंग येते. पन सारे सबन कधीच जोडीनं बसत नाई अन् सबन कधीच सुटे नाई होत. किती बसले अन् किती सुटे, हे काढता येते आपल्याले. वही आन."

हे "काढता येते आपल्याले" म्हणताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. बंद भांड्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंमध्ये, कोण किती उरलं आहे हे वर्गात बसून कागदावर काढता येतं, याचं त्यांना नवल वाटे. मी तेच गणित नागपूरला परीक्षेसाठी पाठ केलं होतं. नवल बिवल काही वाटल्याचं मला आठवत नाही.

त्यांची रीत तीन ओळींची. पहिल्या ओळीत आधी काय होतं ते लिहायचं, दुसरीत किती बदललं ते, तिसरीत शेवटी काय उरलं ते. हायड्रोजन आणि आयोडीन फ्लास्कमध्ये तापवले की हायड्रोजन आयोडाइड होतं, आणि झालेलं आयोडाइड मोडून उलट हायड्रोजन-आयोडीनही होत राहतं. शेवटी एक समतोल येतो. त्या समतोलाला आयोडाइडच्या आकड्याचा वर्ग केला आणि त्याला बाकी दोघांच्या गुणाकाराने भागलं, की त्या तापमानाला एक ठरलेला आकडा येतो. तो आकडा गणितात दिलेला असतो, एकोणपन्नास धरा. तिसरी ओळ त्यात घालायची आणि सोडवायचं. पण उत्तर आलं म्हणून भोयरभाऊंचं गणित संपत नसे. "आता वापस घालून पाह्य," ते म्हणत. आलेले आकडे परत भागाकारात घालायचे. एकोणपन्नास आले तर सुटायचं, नाहीतर वही मिटायची नाही. पोरं वैतागत. एकाने एकदा विचारलं, "भाऊ, पेपरात एवढा टाइम कुठी भेटते?" तर म्हणाले, "चुकलेलं लिवाले भेटते ना टाइम? मंग?"

कधी गणितात दोन उत्तरं निघत. एका पोराने दोन्ही लिहून खाली दोन्हीला दुहेरी रेघ मारली. एका उत्तराप्रमाणे फ्लास्कमध्ये होता त्यापेक्षा जास्त आयोडीन खर्च झाला होता. भाऊ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तलावात मासे दहा. तू पकडले बारा. आता सांग, घरी काय घेऊन जाशीन?" वर्ग हसला. पोरगंही हसलं आणि त्याने एक उत्तर खोडलं. असं उत्तर आमच्या विभागात पुन्हा कुणी लिहिलं नाही.

पण हे सगळं प्रयोगाच्या टेबलापाशी, चोरून मारून. डेमॉन्स्ट्रेटरने प्रयोग करून घ्यायचे, वर्गात शिकवायचं नाही, असा नियम होता. मुलं आम्हाला सर म्हणत आणि त्यांना भाऊ. आमचे विभागप्रमुख मुजुमदार सर पन्नाशीचे, मोठे सज्जन गृहस्थ. मी एकटा राहतो म्हणून आठवड्यातून दोनदा तरी त्यांच्या घरी माझं पान मांडलेलं असे. शिकवताना ते आपल्या विद्यार्थिदशेतली काळ्या कापडी बांधणीची वही समोर ठेवत आणि तयार सूत्रं फळ्यावर लिहून देत. एकदा भाऊ मुलांना समतोल म्हणजे काय ते समजावत होते. "मार्कंड्याच्या जत्रंत देवळात जेवढे घुसते तेवढेच निघते, म्हून आतली गर्दी सारखीच दिसते. पन कोनी उभं राह्यलं काय? सबन चालूनच राह्यले." मुजुमदार सर दारातून म्हणाले, "भोयर, प्रयोगशाळेत जत्रा नको." भाऊ ब्युरेटची नळी पुसू लागले. मुलांना समतोल मात्र त्या दिवशी कळला.

एकदा बोलता बोलता ते मला म्हणाले होते, "सर, मले पगार वाढवून नाई पाह्यजे, लेक्चरर बी नाई बनवलं तं चालते. हप्त्यातून एक तास भेटला पाह्यजे. गणिताचा. फळा, खडू अन् एक तास." एवढंच मागणं असलेला माणूस मी नंतर कुठल्याच कॉलेजात पाहिला नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी तो तास त्यांना मिळाला. मुजुमदार सरांना पावसाळ्यानंतर हिवतापाने धरलं, दोन महिने उठता येईना. प्रिन्सिपॉल संस्कृतचे, त्यांना मी सांगितलं की बुधवारचा गणिताचा तास भोयरांना द्या, त्यांच्याइतकं ते कुणाला जमणार नाही. त्यांनी मान्य केलं. आयुष्यात मी जी दोन-चार बरी कामं केली त्यात हे मी बरीच वर्षं मोजत असे.

पहिल्या बुधवारी ते माझा कोट मागायला आले. कोट त्यांना ढगळ झाला. बाह्या दुमडून वर्गात गेले, पण फळ्यापुढच्या लाकडी चौथऱ्यावर काही चढेनात. खालीच उभे राहून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहू लागले. मागच्या मुलांना दिसेना. "भाऊ, वर चढा ना," कुणीतरी म्हणालं. ते लाजले आणि म्हणाले, "तुमीच सामोर या." मुलं पुढे आली, खाली जमिनीवर मांडी घालून बसली, आणि तसा तो तास झाला. मी दारात उभा होतो. तिसऱ्या बुधवारपासून मुलं त्यांना सर म्हणू लागली. हे त्यांनी मला सांगितलं नाही; मीच ऐकलं. मुजुमदार सर बरे होऊन परतल्यावरही तास त्यांच्याकडेच राहिला. सर अजून अशक्त होते, त्यांनी हरकत घेतली नाही.

हिवाळ्यात टेस्ट परीक्षा झाली. पेपर मुजुमदार सरांनी आपल्या काळ्या वहीतून काढला, तपासायला माझ्याकडे दिला, सोबत उत्तरांचा कागद. त्यात हेच गणित होतं, थोडा फरक करून. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये हायड्रोजन एक मोल, आयोडीन एक मोल, आणि आयोडाइडही आधीपासून एक मोल. शेवटी आयोडाइड किती? सरांच्या कागदावर उत्तर होतं दोन पूर्णांक छप्पन शतांश. त्यांनी आयोडाइड आधी नव्हतंच असं धरून तयार सूत्राने एक पूर्णांक छप्पन काढलं होतं आणि मग आधीचं एक त्यात मिळवलं होतं. वरवर पाहता बिनतोड. आधी होतं ते अधिक नवं झालं ते.

वीस-बावीस मुलांनी लिहिलं होतं, दोन पूर्णांक एक तृतीयांश. तीन ओळी मांडून, खाली परत घालून पाहून. आधीच एक मोल आयोडाइड हजर असेल तर नवं तितकं होणारच नाही, कमी होईल, हे त्या तीन ओळींत आपोआप येत होतं. मी दुपारी प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर बसून स्वतः सोडवलं. दोन पूर्णांक एक तृतीयांश आणि बाकी दोघं एक-एक तृतीयांश. भागलं तर सात, वर्ग केला तर एकोणपन्नास. सरांचं उत्तर घालून पाहिलं; एकशे बत्तीस येत होते. मी तो कागद लॉग टेबलाच्या पुस्तकाखाली सारला आणि कॉलेजभर एक फेरी मारून आलो. मग सरांच्या कागदाप्रमाणे फुल्या मारल्या. आठ-आठ मार्क गेले. मार्चमध्ये माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि शिफारस मुजुमदार सर लिहिणार होते. दुसरं काही कारण मला त्या वेळीही सापडलं नाही, आजही सापडत नाही.

कुरखेड्याकडचा एक विद्यार्थी पेपर घेऊन भाऊंकडे गेला. मी तिथेच, तराजूच्या पेटीपाशी होतो.

"सर, तुमीच तं असं शिकवलं. मंग शून्य काऊन भेटला?"

भाऊंनी त्याच्या पेपरवरचे आकडे बोटाने मोजल्यासारखे वाचले. "घालून पाह्यलं होतं?"

"पाह्यलं ना. एकोणपन्नास येते."

"मंग तुझं बरोबर हाये."

"बरोबर हाये तं शून्य काऊन?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तराजूची वजनं पुसत होतो, ती आधीच स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत आम्हा तिघांना बोलावणं आलं. मुजुमदार सर दुखावलेले होते, रागावलेले नव्हते. "इतक्या मुलांचं एकच चुकीचं उत्तर आलंय," ते म्हणाले, "म्हणजे चूक मुलांची नाही. ज्याचं काम त्याने करावं हेच बरं."

भाऊ उभेच होते. "सर, एक डाव घालून पाहा ना. तुमच्या उत्तरानं एकोणपन्नास येत नाई. एकशे बत्तीस येते."

"भोयर, मी हे गणित तुमच्या जन्माआधीपासून करतोय." हे काही खरं नव्हतं, पण माणूस अशा वेळी असंच बोलतो.

प्रिन्सिपॉलांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. भाऊ त्यांना म्हणाले, "मंग या सरायले इचारा. पेपर त्यायनंच तपासले. ते सांगतीन."

आवाजात जराही धाकधूक नव्हती. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "मला जरा सवडीने बघावं लागेल."

"हरकत नाही," प्रिन्सिपॉल सुटकेने म्हणाले. "तोवर विभागप्रमुखांचं उत्तर धरू." ती सवड मला पुढे कुणी विचारली नाही आणि मी ती काढली नाही. बुधवारचा तास त्याच आठवड्यात भाऊंकडून काढून घेतला आणि माझ्या नावावर टाकला. मार्चमध्ये माझी नोकरी पक्की झाली. मुजुमदार सरांकडे त्या दिवशी श्रीखंड होतं.

आठ मार्कांनी कुणाचं वाटोळं झालं नाही. ती सगळी मुलं विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म भरायला पात्र ठरली, बरीचशी पासही झाली. गेला तो फक्त तास. माझा कोट भाऊंनी धुऊन, इस्त्री करून, घडीवर कागद लावून परत आणून दिला. मुलं पुन्हा त्यांना भाऊ म्हणू लागली. त्यांनी कुणाशी अबोला धरला नाही, माझ्याशी तर नाहीच. वाळवलेले मासेही येत राहिले आणि मी ते निर्लज्जपणे खात राहिलो. पण त्यानंतर त्यांनी कुणालाही एकसुद्धा गणित सोडवून दिलं नाही. पोरगं वही घेऊन आलं की म्हणत, "सरायले इचार." मुलं माझ्याकडे येत. "भोयरभाऊंनी तुम्हाला विचारायला सांगितलंय," म्हणत. मी चौथऱ्यावर चढून फळ्यावर तीन ओळी मांडी आणि परत घालून पाहायला लावी. चांगला शिकवतो असं माझं नाव झालं.

दोन वर्षांनी मुजुमदार सरांच्या टेबलावर ती काळी वही उघडी पडलेली मी पाहिली. त्या गणिताच्या उत्तराखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात दुरुस्ती होती, दोन पूर्णांक एक तृतीयांश. त्यांना कधी आणि कसं कळलं, ठाऊक नाही. ते कुणाला काही बोलले नाहीत. त्या दिवशी तरी मी आत जाऊन विषय काढायला हवा होता. मी वही मिटून ठेवली, वारा येत होता.

आणखी वर्षभराने मला नागपूरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. निघालो त्या दिवशी सकाळी मुजुमदार सर आणि विद्यार्थी येऊन हार घालून गेले. मोटार स्टँडवर मी ट्रंक टपावर चढवून खिडकीपाशी बसलो, तेवढ्यात भाऊ आले. सकाळची बॅच आटोपून तसेच धावत आले होते. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी झाली होती. खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "पाणी घेतलं काय सोबत?"

ड्रायव्हर जागेवर बसला होता. आता ही मोटार सुटणार आणि आपण सुटणार, हे कळल्यावर मला धीर आला. तसल्या धिराची किंमत काय असते ते मी जाणतो.

"भाऊ," मी म्हणालो, "त्या टेस्टच्या वेळी तुमचं उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

"मालूम हाये मले."

"मुजुमदार सर बोलले?"

"नाई. तुमचा कागद पाह्यला होता मी. बॅचसाठी लॉग टेबल घ्याले आलो, त्याच्याखाली होता. तीन ओळी, उत्तर, अन् वापस घालून पाह्यलेलं. प्रिन्सिपॉल सायबानं बलावलं त्याच्या पह्यलेची गोष्ट. म्हून तं म्हटलं ना तिथी, सरायले इचारा."

"मग तो कागद तिथे दाखवला का नाही तुम्ही?"

"तुमचा कागद होता, सर. मी कसा दाखवीन? वाट पाह्यली, तुमी सांगान म्हून."

"किती दिवस?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी थोडा विचार केला. "तुमची नागपूरची ऑर्डर आली ना," ते म्हणाले, "तवावरी."

कंडक्टरने घंटी दिली. "जा सर, दुपारची बॅच हाये मले," म्हणून ते वळले आणि भर उन्हात कॉलेजच्या रस्त्याला लागले. मोटार स्टँडबाहेर पडून वळेपर्यंत त्यांचा पांढरा शर्ट मला दिसत होता.

ऑर्डर येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. म्हणजे तीन वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर रोज काम करत होता आणि रोज वाट बघत होता, आणि मी समजत होतो की त्यांनी तो विषय केव्हाच सोडून दिला. त्यातला कुठलाही एक दिवस चालला असता.